कोटणीस चिनी भाषा कुठे शिकले?

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे ती साधारण अशी. सोलापूरचा एक तरुण डॉक्टर १९३८ मध्ये युद्धाने होरपळलेल्या चीनमध्ये गेला, जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच वारला आणि चीनने त्याची आठवण आजवर जपली. गोष्ट खरी आहे. पण ती सांगताना एक साधा प्रश्न हमखास सुटून जातो : हा डॉक्टर आपल्या रुग्णांशी कोणत्या भाषेत बोलत होता?

तो चिनी भाषेत बोलत होता. एवढेच नव्हे, तर चिनी भाषेत शस्त्रक्रियेचे वर्ग घेत होता आणि त्याच भाषेत पाठ्यपुस्तक लिहीत होता. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोट सुटली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. सारा हिशेब ४ वर्षे ३ महिन्यांचा आहे, आणि त्यातला बराच काळ प्रवासात, बाँबवर्षावात आणि शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ गेलेला. भारतातील कोणत्याही शाळेने न शिकवलेली भाषा त्यांनी एवढ्या अवधीत, एवढ्या उंचीपर्यंत आत्मसात केली कशी?

सुरुवात सोलापूरपासूनच करावी लागते. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. त्या काळचे सोलापूर म्हणजे गिरण्यांचे आणि हातमागांचे गाव. दक्षिणेला आणि अक्कलकोटच्या बाजूला कन्नड बोलणारी खेडी, शहरात तेलंगणातून आलेले तेलुगुभाषक पद्मशाली विणकर, सिद्धेश्वराच्या यात्रेत मराठीइतकीच कानी पडणारी कन्नड आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांतली दख्खनी वळणाची उर्दू. १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉ प्रकरणात १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेल्या चौघांची नावे नुसती वाचली तरी या गावाची वीण लक्षात येते : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. समोरचा माणूस आपल्यापेक्षा वेगळी भाषा बोलतो आणि तरीही तो आपल्याच गावचा असतो, ही गोष्ट सोलापूरच्या मुलाला वेगळी शिकवावी लागत नाही. आजही सोलापूर महानगरपालिकेच्या शाळा मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा माध्यमांत चालतात, हे महाराष्ट्रातील बाकीच्या शहरांना सांगितले तर आश्चर्य वाटते.

मात्र शाळेतील भाषाशिक्षणाची दिशा निराळी होती. मुंबई इलाख्यातील मॅट्रिकचा विद्यार्थी मातृभाषेबरोबर इंग्रजी शिकत असे आणि जोडीला संस्कृत किंवा फारसीसारखी एखादी अभिजात भाषा घेत असे. आशियातील शेजाऱ्याची जिवंत भाषा शाळेत शिकता येईल, ही कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती. बाहेरच्या जगाची एकच खिडकी उघडी होती, ती लंडनच्या बाजूची. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात कोटणीस शिकले तेही अर्थात इंग्रजीतूनच.

७ जुलै १९३७ रोजी जपानने चीनवर पूर्ण ताकदीने आक्रमण सुरू केले. त्याच वर्षाच्या अखेरीस आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झालेल्या सुभाषचंद्र बोस यांनी जाहीर आवाहन केले, देशभर निधी गोळा झाला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले डॉ. अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि पाचवे कोटणीस. ते तेव्हा पदव्युत्तर परीक्षेच्या तयारीत होते. ती तयारी त्यांनी सोडून दिली.

येथे या कथेत एक शाळामास्तर येतो, आणि त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्याचे नाव तान युन-शान. रवींद्रनाथ टागोरांची आणि त्यांची भेट १९२७ मध्ये सिंगापूरला झाली. टागोरांच्या निमंत्रणावरून १९२८ मध्ये ते शांतिनिकेतनात चिनी भाषा शिकवायला आले. पुढे निधीसाठी त्यांनी बरीच वर्षे खस्ता खाल्ल्या आणि १४ एप्रिल १९३७ रोजी विश्वभारतीत ‘चीना भवन’ उभे राहिले. चीनविषयीचे पद्धतशीर शिक्षण देणाऱ्या भारतातील अगदी मोजक्या जागांपैकी ती एक. जपानी आक्रमण त्यानंतर तीन महिन्यांच्या आत झाले.

भारतीय पथक चीनच्या युद्धकालीन राजधानीत, म्हणजे चुंगकिंगला पोहोचले तेव्हा तान तिथे होते. पाचही डॉक्टरांना चिनी नावे त्यांनी दिली. प्रत्येकाच्या आडनावातील ध्वनी घेतला आणि शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले. ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. हे नुसते लाडाचे टोपणनाव नव्हते. चिनी लिपीत परकीय नाव लिहायचे म्हणजे ते अक्षरांच्या साच्यात बसवावेच लागते, आणि कोणती अक्षरे निवडली यावरून तो माणूस पाहुणा ठरतो की घरचा, हेही ठरते. शांतिनिकेतनात चिनी शिकवणारा मास्तर हे जाणून होता.

वाटेतच कोटणीसांना वडिलांच्या मृत्यूची बातमी कळली. परतण्याची मुभा असूनही ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. कोटणीसांची भाषेची खरी शाळा येथून पुढे सुरू झाली.

दुभाष्यामार्फत चालणारी वैद्यकी कशी असते, याचा अनुभव त्याच भागात आधी एका थोर माणसाने घेतला होता. कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथून १९३८ पासून उत्तर चीनच्या आघाडीवर काम करत होते. बेथून यांचे कर्तृत्व वादातीत आहे. परंतु सैनिकांशी, सहकाऱ्यांशी आणि विद्यार्थ्यांशी बोलण्यासाठी त्यांना तुंग नावाच्या दुभाष्याचा आधार घ्यावा लागे. हा दुभाषा फार हुशार होता आणि पुढे तो चीनचा राजदूत झाला. तरीही दुखते कुठे, कधीपासून, कसे, हे तिसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकणे आणि रुग्णाच्या तोंडून ऐकणे यांत अंतर राहतेच. शस्त्रक्रियेत जखमेला संसर्ग होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथून वारले.

चिनी भाषा मराठी माणसाला कितपत अवघड? एका बाबतीत ती इंग्रजाला जाते त्यापेक्षा सोपी जाते. उत्तर चीनच्या बोलीत क आणि ख, त आणि थ, प आणि फ हे भेद अर्थ बदलणारे आहेत. हे भेद इंग्रजी कानाला नीट पकडता येत नाहीत, मराठी मूल मात्र ते बाराखडीबरोबर गिरवते. ‘चिमणी’तला च आणि ‘चाक’मधला च हे दोन्ही ध्वनी मराठीत आहेत, आणि चिनीतही या दोन जातींचे ध्वनी वेगळे धरले जातात. हिंदीभाषक विद्यार्थी ‘चाक’मधल्या च शी अडखळतो, सोलापूरकर अडखळत नाही. कोटणीसांना याचा लाभ झाला असणार.

खरी अडचण सुरांची. ‘थांग’ हा एकच उच्चार चार सुरांत म्हटला की चार शब्द होतात : रस्सा, साखर, आडवे होणे आणि चटका बसेल इतके गरम. रुग्णाला ‘आडवे व्हा’ सांगायला जाणाऱ्या डॉक्टरने सूर चुकवला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी. शिवाय लिपी. तिथे बाराखडी नाही, प्रत्येक अक्षर स्वतंत्र पाठ करायचे. पण या बाबतीत परिस्थिती त्यांच्या बाजूची होती. आठव्या मार्ग सेनेतील असंख्य सैनिक शेतकरी घरांतले आणि निरक्षर होते, आणि सेनेत साक्षरतेचे वर्ग चालत. ज्या मुलखात दाढीमिशा आलेली माणसे पहिल्यांदाच अक्षरे गिरवत होती, तिथे परदेशी डॉक्टरनेही अक्षरे गिरवणे यात कोणाला नवल वाटण्याचे कारण नव्हते.

पथकातील इतर सदस्य एकेक करून भारतात परतले. कोटणीस आणि बसू पुढे आघाडीच्या प्रदेशात गेले. १९४० मध्ये बेथून यांच्या समाधीच्या उद्घाटनाला कोटणीस उपस्थित होते. तिथे ग्वो छिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या तरुणीने त्यांना प्रथम पाहिले. तिच्या आठवणींत तो प्रसंग आहे, आणि तिला त्या वेळी काय भावले हे ध्यानात घेण्यासारखे आहे : हा भारतीय डॉक्टर चिनी बोलतो, आणि थोडेफार लिहितोही. येनानला पोहोचल्याला तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. त्याच वर्षीच्या मोठ्या लढाईत त्यांनी ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले आणि एका प्रसंगी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या, असे सांगितले जाते.

जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून कोटणीसांची नेमणूक झाली. रुग्णालयाच्या जोडीला वैद्यकीय विद्यालय होते. ‘विद्यालय’ म्हटल्यावर दगडी इमारत आणि प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येऊ देऊ नये. हपेई प्रांतातील डोंगराळ खेडी, शेतकऱ्यांची घरे, आणि शत्रू जवळ आला की सारे बिऱ्हाड पाठीवर टाकून निघायचे. विद्यार्थी बहुतेक खेड्यांतले, बेताचे शिकलेले. त्यांना थोडक्या काळात जखमा बांधणारे, हाडे बसवणारे हात बनवायचे होते.

या मुलांना इंग्रजी पाठ्यपुस्तके दाखवून काही उपयोग नव्हता, आणि कोटणीसांची सारी वैद्यकी तर इंग्रजीत घडलेली. म्हणून शस्त्रक्रियेचे ज्ञान त्यांना चिनी शब्दांत पुन्हा मांडावे लागले. येथे संस्कृत-मराठीच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला एक गंमत जाणवली असती. चिनी भाषा परकीय संज्ञा जशीच्या तशी सहसा उचलत नाही, ती अर्थाचे तुकडे जोडते. हाड आणि मोडणे ही दोन अक्षरे एकत्र आली की ‘फ्रॅक्चर’. मराठीत नेमके असेच ‘अस्थिभंग’ होते. ‘इन्फ्लमेशन’साठीचे अक्षर म्हणजे आगीवर आग, मराठीत ‘दाह’. भूल देणे म्हणजे ‘बधिर’ आणि ‘धुंद’. इंग्रजी संज्ञा घोकलेल्या डॉक्टरला हे शब्द परके वाटतात, सामासिक शब्दांची सवय असलेल्याला त्यातली युक्ती पटकन कळते. शाळेत संस्कृत शिकल्याचा असाही उपयोग होऊ शकतो, हे त्या काळच्या कोणत्याही अभ्यासक्रमाने गृहीत धरलेले नसेल.

परक्या देशात जाऊन तिथल्या भाषेत शिक्षक होणारे कोटणीस हे पहिले मराठी गृहस्थ नव्हेत. वर्धा जिल्ह्यातले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२० च्या दशकात मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, स्पॅनिशमध्ये शिकवू लागले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालवू लागले. दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवले. त्याआधी गोव्याचे धर्मानंद कोसंबी पाली शिकण्यासाठी सिलोनला गेले आणि पुढे हार्वर्ड आणि लेनिनग्राडपर्यंत पोहोचले. या तिघांना ही वाट कोणत्याही शाळेने आखून दिलेली नव्हती. प्रत्येकाने ती स्वतःच्या हिमतीवर, बऱ्याच हालअपेष्टा सोसून काढली. त्यामुळेच अशी नावे बोटांवर मोजण्याइतकी राहिली.

नोव्हेंबर १९४१ मध्ये कोटणीस आणि ग्वो छिंगलान यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगचेन यांनी त्याचे नाव सुचवले ‘यिनहुआ’. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. तान युन-शान यांनी बापाच्या नावाला जोडलेले अक्षर असे मुलाच्या नावात आले. कोटणीसांचे सामान्य शस्त्रक्रियेवरील चिनी पाठ्यपुस्तक तोवर तयार झाले होते आणि पुढचा, विशेष शस्त्रक्रियेचा ग्रंथ चालू होता. अपस्माराचे झटके मात्र वाढत गेले. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. तो दुसरा ग्रंथ अर्धवट राहिला.

भारताला ही कथा कळली ती मुख्यतः ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकातून आणि व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या चित्रपटातून. चित्रपट त्या काळाच्या मानाने मोठा होता. शांतारामांनी स्वतः कोटणीसांची भूमिका केली, जयश्रीबाई छिंगलान झाल्या. पण हिंदी चित्रपट म्हटल्यावर त्यात चिनी माणसेही हिंदीच बोलणार. व्यावसायिकदृष्ट्या यात काही गैर नाही. परिणाम मात्र असा झाला की कोटणीसांनी जे सर्वांत चिकाटीचे काम केले, तेच पडद्यावरून नाहीसे झाले. त्याग उरला, अभ्यास गेला. पुढच्या पिढ्यांच्या धड्यांत आणि भाषणांत हीच छापील प्रत चालत राहिली.

चीनमध्ये आठवण वेगळ्या रीतीने टिकली. शिच्याच्वांग शहरातील हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी आणि पुतळा आहे. त्याच शहरात १९९२ मध्ये त्यांच्या चिनी नावाने एक वैद्यकीय विद्यालय सुरू झाले, आणि तिथले विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर व्यवसायाची शपथ घेतात. १९६२ च्या युद्धानंतरही हे नाव तिथे पुसले गेले नाही. चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना भेटतात, आणि ग्वो छिंगलान २०१२ मध्ये वारेपर्यंत दोन्ही देशांतला दुवा म्हणून वावरल्या. बाहेरून येऊन मदत करून गेलेले डॉक्टर अनेक देशांत होऊन गेले. के दिहुआ तिथल्या मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवणारे गुरुजी होते, म्हणून चीनने त्यांना पाहुण्यांच्या यादीत ठेवले नाही.

आणि भारतातील शाळा? २०१९ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात माध्यमिक स्तरावर शिकवता येतील अशा परदेशी भाषांची उदाहरणे देताना फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानीबरोबर चिनीचेही नाव होते. जून २०२० मध्ये गलवानला चकमक झाली. जुलै २०२० मध्ये अंतिम धोरण आले, त्यात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन आहेत. चिनी नाही. यादी उदाहरणादाखल आहे, चिनी शिकवू नये असे धोरणात कुठेही लिहिलेले नाही. परंतु शाळा पर्याय निवडताना उदाहरणांकडेच पाहतात. हा निर्णय त्या दिवसांतील संतापातून समजण्याजोगा असला, तरी तर्काला धरून नाही. सीमेवर तणाव असतो तेव्हा पलीकडची भाषा समजणारी माणसे कमी लागतात की जास्त? शत्रूचे वर्तमानपत्रही दुभाष्यामार्फतच वाचायचे असेल तर बेथून यांची अडचण सबंध देशाची होते.

त्याच २०२० च्या ३ डिसेंबरला सोलापूर जिल्ह्याचे नाव जगभर गेले, तेही एका प्राथमिक शिक्षकामुळे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना १० लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाला, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर ९ शिक्षकांना वाटून दिली. वर्तमानपत्रांनी क्यूआर कोड असलेल्या पाठ्यपुस्तकांवर भर दिला. पुरस्काराच्या मानपत्रात मात्र आणखी दोन गोष्टी होत्या. मुलांच्या मातृभाषेतून पाठ मिळावेत म्हणून शिक्षकाने स्वतः कन्नड शिकून पुस्तकांचा अनुवाद केल्याची नोंद, ही एक. दुसरी, संघर्षात अडकलेल्या देशांतील मुलांना इंटरनेटवरून काही आठवडे एकमेकांशी जोडून देणारा ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ हा उपक्रम. जोड्या अशा होत्या : भारत आणि पाकिस्तान, इस्राएल आणि पॅलेस्टाईन, इराक आणि इराण, अमेरिका आणि उत्तर कोरिया.

कोटणीसांच्या जिल्ह्यातून निघालेल्या या यादीत भारत आणि चीन ही जोडी नाही.